पहिलं वाचन एकदाच मिळतं

कादंबरी लिहिणाऱ्याला वेळ पुरत नाही, हे सगळेच बोलतात. त्याहून तुटपुंजी असते ती कोऱ्या वाचकांची शिल्लक, आणि तिचा हिशेब फारसं कुणी ठेवत नाही. कोरा वाचक म्हणजे पुढच्या पानावर काय आहे हे ज्याला ठाऊक नाही असा माणूस. तसं वाचन एका माणसाकडून एकदाच मिळतं. खर्डा सुधारून त्यालाच पुन्हा दिला, तर त्याला शेवट माहीत असतो, कोण कुणाशी खोटं बोलतंय हे माहीत असतं, आणि तुम्ही काढून टाकलेलं प्रकरणसुद्धा त्याच्या डोक्यात शाबूत असतं. नव्या खर्ड्यात राहिलेल्या फटी तो जुन्या आठवणीने बुजवतो आणि मनापासून सांगतो, "आता छान झालंय." तो खोटं बोलत नसतो. फट त्याला दिसूच शकत नाही.

पूर्ण कादंबरी मन लावून वाचून खरं बोलतील अशी माणसं बहुतेक लेखकांकडे पाच-सहाच असतात. त्यांच्याकडून आपण किती मागतो तेही मोजून पाहावं. ८०,००० शब्दांची कादंबरी मिनिटाला २०० शब्दांच्या वेगाने मनातल्या मनात वाचली, तर साडेसहा तासांहून जास्त वेळ लागतो. खुणा करत, मागची पानं चाळत वाचलं तर त्याच्या दुप्पट. वर टिपण लिहायला दोन तास. म्हणजे "जरा वाचून बघ ना" या एका वाक्यात आपण कुणाचे तरी पंधरा तास मागतो. इतकं मोलाचं वाचन कच्च्या खर्ड्यावर घालवलं, तर आपल्याला आधीच माहीत असलेल्या चुकाच परत कळतात.

म्हणून पहिला खर्डा कुणालाही दाखवू नये असं माझं ठाम मत आहे. रोज ५०० शब्द धरले तर ८०,००० शब्दांना १६० दिवस लागतात. आठवड्याचे पाच दिवस लिहिलं तर ३२ आठवडे. या सुमारे साडेसात महिन्यांत एखादं प्रकरण कुणी वाचलं आणि कौतुक केलं, की ते प्रकरण दगडासारखं जागेवर बसतं. पुढे कादंबरीला ते नको असलं, तरी हात कापायला धजत नाही. गोष्ट तोंडी सांगणंही टाळावं. एक तर सांगून झाल्यावर लिहिण्याची ओढ ओसरते. दुसरं म्हणजे ऐकणाऱ्याचा कोरेपणा तिथेच संपतो. जोडीदार किंवा जिवलग मित्र वर्षभर कथानक ऐकत आलेला असेल, तर त्याच्याकडून प्रोत्साहन मागावं, पहिलं वाचन मागू नये. ते खर्च होऊन गेलेलं आहे.

लिहिता लिहिता मागे जाऊन दुरुस्ती करू नये. सातव्या प्रकरणात लक्षात आलं, की बहीण धाकटी नको, थोरली हवी, तर वेगळ्या वहीत नोंद करावी, 'प्र. ७ पासून बहीण थोरली. प्र. २ आणि ४ बदलणे', आणि ती थोरलीच होती असं समजून पुढे जावं. मागे वळणाऱ्यांची पहिली पाच प्रकरणं सहा-सहा वेळा घासली जातात आणि शेवटची पाच लिहिलीच जात नाहीत. दिवसाचं काम प्रसंग अर्धवट असताना थांबवावं, पुढचं वाक्य माहीत असताना. दुसऱ्या दिवशी कोऱ्या पानाशी झटापट करावी लागत नाही.

पहिला खर्डा झाला की सहा आठवडे तो बंद. दोन आठवड्यांत भागत नाही, कारण वाक्यं अजून कानात वाजत असतात; डोळा कागद वाचत नाही, आठवण वाचतो. या सहा आठवड्यांत दुसऱ्यांचे खर्डे वाचावेत. तुमच्यासाठी पंधरा तास काढणाऱ्याचे पंधरा तास फेडायची हीच वेळ आहे. शिवाय दुसऱ्याच्या खर्ड्यातला दोष बोट ठेवून दाखवायची सवय झाली, की आपल्यातला दिसायला लागतो.

नंतरचं पहिलं वाचन स्वतःचं. तेही जमेल तितकं कोरं करून घ्यायचं. अक्षराचं वळण (फाँट) बदला, ओळीची लांबी बदला, शक्यतो कागदावर छापून घ्या, आणि ज्या खुर्चीत लिहिलं तिथे बसून वाचू नका. तीन दिवसांत संपवा, नाहीतर पहिल्या भागाची पकड तिसऱ्या भागापर्यंत टिकत नाही. हातात पेन्सिल असावी, पण दुरुस्ती करू नये. समासात फक्त चार खुणा: कंटाळा आला, गोंधळ झाला, पटलं नाही, आणि चौथी, खूप आवडलं. चौथी खूण बाकीच्या तिघींइतकीच गरजेची आहे. कापाकापी सुरू झाली की हात चांगल्या जागांवरही फिरतो.

मग प्रसंगांचा तक्ता. ८०,००० शब्दांच्या कादंबरीत साधारण ५० ते ६० प्रसंग निघतात. प्रत्येकाला एक ओळ: कोण आहे, कुठे, कोणत्या दिवशी, कुणाला काय हवंय, प्रसंगाच्या शेवटी काय बदललं, किती शब्द. खर्ड्याची तब्येत या तक्त्यात दिसते. 'काय बदललं' हा रकाना सलग तीन ओळी रिकामा राहिला, तर वाचक तिथेच पुस्तक पालथं ठेवणार. 'कोणत्या दिवशी' या रकान्यात गरोदरपणं, शाळेच्या इयत्ता, सुट्ट्या, चंद्राच्या तिथी तपासता येतात. अमावास्येनंतर चार दिवसांनी पौर्णिमेचं चांदणं पडणं ही चूक वाटते त्यापेक्षा खूपदा होते. मराठीत आणखी एक तक्ता करावा लागतो: कोण कुणाला 'तू' म्हणतं, कोण 'तुम्ही', कोण 'अहो', कोण नावाने हाक मारतं. दहाव्या प्रकरणात नकळत 'तुम्ही'चं 'तू' झालं, तर वाचकाला वाटतं दोघांत काहीतरी घडलं. मराठी वाचकासाठी हा बदल ही घटना असते, ती चुकून घडता कामा नये.

यानंतर मोठ्याने वाचन. मिनिटाला १०० शब्द धरले तर तेरा-चौदा तास. रोज दोन तास म्हणजे एक आठवडा. मराठी वाक्यात क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे भूतकाळी निवेदनात 'होता, होती, होतं' यांची रांग लागते. डोळ्याला ती खुपत नाही, कानाला लगेच खुपते. सलग चार वाक्यं 'होता'वर संपली, तर एकात 'होता' गाळता येतो ('तो दारात उभा.'), एकात क्रियापद पुढे आणता येतं, दोन वाक्यं धातुसाधिताने ('उठून', 'बघत' अशा रूपाने) जोडता येतात. सगळीकडे एकच उपाय केला, तर त्याचीही रांग होते. 'जणू', 'मात्र', 'एकदम', 'अचानक' हे शब्द आणि शब्दाला चिकटणारा 'च' शोधून मोजावेत. शोधताना एक अडचण येते: 'ऱ्या' हे अक्षर वेगवेगळ्या कळफलकांवरून दोन वेगळ्या प्रकारे साठवलं जातं. पडद्यावर दोन्ही सारखीच दिसतात, पण शोधल्यावर एकच सापडतं. फोनवर थोडं आणि संगणकावर थोडं लिहिणाऱ्यांनी सुरुवातीलाच दोन्हींचं एक करून घ्यावं, नाहीतर नाव बदलताना 'गोऱ्यांचा' अर्ध्या ठिकाणी तसाच राहतो.

आता वाचक. पाच असतील तर पाचांना एकदम देऊ नका. दोघांना दुसरा खर्डा, दोघांना तिसरा, आणि एक अगदी शेवटासाठी राखून. पहिल्या दोघांत एक लिहिणारा असावा आणि एक फक्त भरपूर कादंबऱ्या वाचणारा. लिहिणारा 'ही कादंबरी मी कशी लिहिली असती' याकडे झुकतो; न लिहिणारा कुठे कंटाळला एवढंच सांगतो, आणि दुसऱ्या खर्ड्याला तेच हवं असतं. कादंबरीत एखादा व्यवसाय किंवा आजार मध्यवर्ती असेल, तर त्यातल्या जाणकाराला फक्त ती प्रकरणं द्यावीत. त्याच्याकडे चूक-बरोबर विचारायचं आहे, पूर्ण वाचन मागायची गरज नाही.

देताना प्रस्तावना करू नये. "मध्ये जरा संथ आहे, पण पुढे वेग येतो" असं सांगितलं, की वाचक मध्ये संथपणाच शोधतो. त्याच त्या चार खुणा सांगाव्यात, एक महिन्याची तारीख ठरवावी, आणि शुद्धलेखन बघू नका अशी विनंती करावी. ऱ्हस्व-दीर्घाच्या मागे लागलेला माणूस गोष्टीत शिरत नाही. प्रश्न आधी देऊ नयेत, वाचून झाल्यावर विचारावेत. मला उपयोगी वाटणारे प्रश्न साधे आहेत. गोष्ट चार वाक्यांत सांगा. (तुम्ही जो मुख्य धागा समजत होता, तो त्या चार वाक्यांत आला का ते कान देऊन ऐका.) कोणत्या पानावर पुस्तक बाजूला ठेवलंत? कोणत्या पात्राचं नाव आठवत नाही? शेवटचा निर्णय कुणी घेतला असं वाटलं?

उत्तरं आली की खरं कठीण काम सुरू होतं. वाचकाला दुखतं कुठे ते तो नेमकं सांगतो, पण दुखण्याचं कारण पुष्कळदा पन्नास पानं आधी असतं.

"सुरुवात संथ आहे" ही सर्वांत नेहमीची तक्रार. ऐकताक्षणी लेखक पहिली वीस पानं छाटतो, आणि पुढचा वाचक म्हणतो, "सुरुवातीला काही कळलं नाही." संथपणा पानांच्या संख्येत क्वचित असतो. पात्राला काय हवंय आणि ते न मिळाल्यास त्याचं काय जाईल, हे वाचकाला कितव्या पानावर कळतं ते बघा. चाळिसाव्या पानावर कळत असेल तर ते आठव्या पानावर आणा. मधली बत्तीस पानं शब्द न बदलता तशीच ठेवली, तरी ती वेगळी वाचली जातात, कारण आता वाचक कशाची तरी वाट बघत असतो.

"शेवट घाईत उरकलाय" यावर शेवटची प्रकरणं लांबवली की ती पातळ होतात. कादंबरीच्या दोन-तृतीयांशाच्या आसपास जा. मुख्य पात्राने निर्णय घेतला तो पानावर घेतला, की दोन प्रकरणांमधल्या कोऱ्या जागेत? 'त्यानंतर तिने घर सोडायचं ठरवलं' अशा एका वाक्यात तो निर्णय गुंडाळलेला सापडतो. वाचकाने ठरवणं पाहिलंच नाही, म्हणून जाणं त्याला अचानक वाटतं. तिथे दीड हजार शब्दांचा एक प्रसंग लिहिला, की शेवटाला हात लावावा लागत नाही.

"नायक आवडत नाही" असं ऐकलं की लेखक त्याच्या हातून परोपकार करवतो. पात्र चांगलं नसलं तरी वाचक त्याच्यामागे जातो. नुसतं सोसत बसलेल्या पात्रामागे जात नाही. तक्त्यात बघा, किती प्रसंग त्याने स्वतः सुरू केले. साठांतले सात असतील, तर तक्रारीचा अर्थ तो आहे.

"संवाद खोटे वाटतात" याचं कारण बहुधा असं, की दोघांना माहीत असलेली गोष्ट दोघं एकमेकांना सांगताहेत. 'आपल्या बाबांनी पाच वर्षांपूर्वी नोकरी सोडली तेव्हापासून' असं बहीण भावाला कधी म्हणत नाही. ही माहिती निवेदनात एका ओळीत सरळ सांगून टाकावी. "दाखवा, सांगू नका" या सल्ल्याचा धाक इतका बसलाय, की सांगण्याजोगंही लोक पात्रांच्या तोंडी कोंबतात. बोलीत लिहिताना आणखी एक गोष्ट बिघडते: प्रत्येक पात्राची क्रियापदं पहिल्या पन्नास पानांत जपलेली असतात आणि नंतर सगळी हळूहळू प्रमाण मराठीकडे सरकतात. एकेका पात्राचे फक्त संवाद वेगळे काढून सलग वाचले, की ते लगेच कळतं.

"गोंधळ झाला" ही तक्रार कित्येकदा नुसती नावांची असते. सुधा, सुमन आणि सुनंदा एका घरात राहात असतील तर वाचक पहिलं अक्षर आणि लांबी एवढंच बघत पुढे जातो. दोघींची नावं बदला, अर्धा गोंधळ मिटतो.

वाचकाचा निवाडा आणि वाचकाचा उपाय वेगळे ठेवायला हवेत, याचं माझ्या मते सर्वांत मोठं उदाहरण फ्रेंच कादंबरीकार गुस्ताव फ्लोबेरचं. १८४९मध्ये त्याने संत अँटनीवरचं आपलं लिखाण लुई बुईये आणि माक्सिम द्यू काँ या दोन मित्रांना वाचून दाखवलं. रोज आठ तास, चार दिवस, एकूण ३२ तास. शेवटपर्यंत कुणी मत द्यायचं नाही, असं ठरलं होतं. चौथ्या रात्री दोघांनी सांगितलं, हे आगीत टाक आणि पुन्हा याबद्दल बोलू नकोस. त्याने लिखाण बाजूला ठेवलं, १८५१मध्ये एका अगदी साध्या, घरगुती विषयाला हात घातला, आणि त्यातून 'मादाम बोव्हारी' ही कादंबरी झाली. पण जुनं लिखाण त्याने जाळलं नाही. पुन्हा पुन्हा त्याकडे वळला आणि १८७४मध्ये नव्या रूपात प्रसिद्ध केलं. मित्रांचं कान देऊन ऐकलं, त्यांचा आगीचा उपाय मात्र घेतला नाही. मित्रांनी ३२ तास तोंड मिटून ऐकलं, हेही लक्षात ठेवण्यासारखं आहे. पहिल्या तासाला मत दिलं असतं तर उरलेल्या ३१ तासांत त्यांनी त्या मताचे पुरावेच गोळा केले असते.

लेखकांचा गट असावा का? असावा, पण कशासाठी ते आधी ठरवून. चार-पाच जण पंधरा दिवसांनी भेटतात आणि एकाच कादंबरीचे दर खेपेला ४,००० शब्द वाचतात असं धरलं, तर ८०,००० शब्दांना २० बैठका, म्हणजे ४० आठवडे लागतात. गटात दोघांच्या कादंबऱ्या पाळीपाळीने चालू असतील तर दीड वर्षाहून अधिक. इतक्या संथपणे वाचलेल्या कादंबरीचा वेग, तोल, शेवटाचं वजन याबद्दल कुणालाच काही सांगता येत नाही; दहाव्या बैठकीला तिसरं प्रकरण कुणाला आठवत नसतं. गट प्रसंगासाठी, संवादासाठी, भाषेसाठी उत्तम. पूर्ण कादंबरीची कोरी वाचनं गटात घालवू नयेत. गटातल्या एखाद्याला शेवटासाठी राखायचं असेल, तर त्या कादंबरीच्या बैठकांना त्याने येऊच नये. हे विचित्र वाटतं, पण चालतं.

बैठकीत मजकूर आठवडाभर आधी पोचलेला असावा, एका मजकुराला चाळीस मिनिटं, आणि घड्याळ ज्याचा मजकूर नाही त्याच्याकडे. प्रत्येकाने आपलं टिपण घरूनच लिहून आणावं. हा नियम सोडला की पहिल्यांदा बोलणाऱ्याचं मत सगळ्यांचं मत होतं, आणि पहिल्यांदा बहुधा तोच बोलतो ज्याचा आवाज मोठा असतो. लेखकाने गप्प बसायचं की नाही, यावर दोन परंपरा आहेत. अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात १९३६मध्ये सुरू झालेल्या लेखन कार्यशाळेमुळे जी पद्धत जगभर गेली, तीत इतर बोलतात आणि लेखक ऐकतो. नृत्यरचनाकार लिझ लर्मन यांनी १९९०मध्ये मांडलेली पद्धत उलट आहे: आधी प्रेक्षक काय जाणवलं ते सांगतात, मग कलावंत आपले प्रश्न विचारतो, मग प्रेक्षक मताचा रंग नसलेले प्रश्न विचारतात, आणि मत द्यायचं ते कलावंताची परवानगी घेऊन, सर्वांत शेवटी. पूर्ण झालेल्या मजकुराला मी पहिली पद्धत निवडेन. पुस्तक छापून आल्यावर लेखक वाचकाशेजारी बसून खुलासे करणार नसतो. अजून लिहिल्या जात असलेल्या कादंबरीला मात्र दुसरी, कारण अर्ध्यावर आलेला "हे काढून टाक" असा सल्ला काम थांबवू शकतो.

गट वर्ष-दोन वर्षं चालला की आणखी एक गोष्ट होते. सगळ्यांची वाक्यं एकसारखी व्हायला लागतात, कारण प्रत्येकाला बाकीच्यांना काय खटकतं हे पाठ झालेलं असतं. असं दिसलं की सहा महिने सुट्टी घ्यावी किंवा एक नवा माणूस आणावा. फक्त स्वतःचं वाचून घेणारा आणि दुसऱ्याचं न वाचता येणारा सभासद असेल, तर त्याच्याशी तिसऱ्या बैठकीआधी स्पष्ट बोलावं. उशीर झाला की बाकीचेही न वाचता यायला लागतात.

वाचकांची उत्तरं आली की त्या दिवशी फक्त आभार कळवावेत, वाद घालू नये, खुलासा करू नये. आठवड्याने सगळ्यांच्या खुणा प्रसंगांच्या तक्त्यावर उतरवाव्यात, प्रत्येक वाचकाला एक रंग. जिथे दोन रंग एकावर एक येतात तिथे काम आहेच. एकच रंग असेल तिथे स्वतःची पेन्सिल काय म्हणत होती ते बघावं. एकाने 'कंटाळा' आणि दुसऱ्याने त्याच ठिकाणी 'खूप आवडलं' लिहिलं असेल, तर तो प्रसंग तसाच ठेवावा असं माझं मत. तिथे कादंबरीचा स्वभाव आहे.

आणि एक यादी ठेवावी: वाचकाचं नाव, कोणता खर्डा, दिल्याची तारीख, काय काय ऐकून झालंय. शेवटचा रकाना प्रामाणिकपणे भरावा. राखून ठेवलेल्या माणसाला बोलता बोलता शेवट सांगून बसला असाल, तर त्याच्या नावावर रेघ मारून दुसरा शोधायला हवा. ते राखलेलं वाचन शेवटच्या दुरुस्त्या झाल्यावर, पण संहिता मांडणीला जाण्याआधी करून घ्यावं. पानं लागल्यानंतर एक प्रसंग हलवायचा म्हणजे पुढची सगळी पानं सरकतात. मुद्रितं (छपाईआधीची प्रुफं) तपासायला त्याला देऊ नये. त्या कामाला गोष्टीत न गुंतणारा, अक्षर न् अक्षर बघणारा डोळा लागतो. वाचून वाचून गोष्ट पाठ झालेले पहिले दोन वाचक तिथे पुन्हा उपयोगी पडतात.